खलाशी पाकिस्तानच्या ताब्यात गेला, तर गावाने काय करायचं

डहाणू तालुक्यात माझं महा-ई-सेवा केंद्र आहे. दाखले, आधार दुरुस्ती, रेशन कार्डाचे अर्ज, झेरॉक्स हा धंदा. आमच्या पाड्यांवरचे पुरुष दर वर्षी ऑगस्टात ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळकडे गुजराती शेठच्या बोटीवर खलाशी म्हणून जातात. त्यातली एखादी बोट पाकिस्तानी यंत्रणेने समुद्रात धरली की त्या घरची बाई कागदांची पिशवी घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसते. दोन देशांतली शांतता हे दिल्ली-इस्लामाबादचं काम, असं आपण धरून चालतो. पण कराचीच्या मलीर तुरुंगातला माणूस घरी यायचं बरंच काम पंचायत, पोलीस ठाणे आणि माझ्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर अडलेलं असतं. ते कसं करायचं, ते इथे लिहिते.

आधी दोन गोष्टी माहीत असू द्या. कच्छच्या रणात सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटरची खाडी आहे. भारत म्हणतो हद्द खाडीच्या मधून जाते, पाकिस्तान म्हणतो पूर्वेच्या काठाने. हा वाद न मिटल्याने पुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. मासळी मात्र त्या भागात चांगली लागते. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) जाळ्यामागे जातो, कधी इंजिन बंद पडून बोट वाहते, कधी जाणूनबुजूनही पुढे काढली जाते (हे कोणी कबूल करत नाही, पण होतं). खलाशाला त्यात कोणी विचारत नाही. दुसरं असं की संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्याच्या ७३व्या कलमानुसार, दोन देशांत तसं काही ठरलेलं नसेल तर, आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापुढच्या ज्या समुद्रातल्या मासळीवर त्या देशाचा हक्क असतो तिथे) मासेमारीचा नियम मोडल्याबद्दल तुरुंगवास देता येत नाही. प्रत्यक्षात दोन्हीकडे देतात. तरी हे कलम अर्जात लिहायचं. अधिकारी वाचून थबकतो, एवढं मी पाहिलं आहे.

माणूस बोटीवर जायच्या आधी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि नेमकं इथेच कोणी काही करत नाही. घरच्यांना विचारलं, "कुठल्या बोटीवर गेलाय?" तर उत्तर येतं, "ओख्याला." बस.

ऑगस्ट उजाडायच्या आधी पाड्यातल्या एका शिकलेल्या पोरीने किंवा पोराने एक वही घालावी. प्रत्येक खलाशामागे एक पान. त्यावर बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक (गुजरातच्या बोटीचा आयएनडी-जीजे असा सुरू होतो), शेठचं नाव नि मोबाइल, तांडेलाचं नाव नि गाव, कुठल्या बंदरातून निघणार, उचल किती घेतली. त्या पानाला आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स टाचा, अलीकडचा एक फोटो लावा. मच्छीमाराचं बायोमेट्रिक कार्ड असेल तर त्याचीही. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा, कारण पावसात वही भिजते.

आता नावाचं. आमच्याकडे एकाच माणसाला आधारवर लक्ष्मण, रेशन कार्डावर लखमा आणि घरात लखू म्हणतात. बापाचं नावही तसंच दोन तऱ्हेचं. पकडल्यावर तिकडे जे नाव तोंडाने सांगतो ते उर्दूत लिहिलं जातं, मग इंग्रजीत होतं, मग दिल्लीमार्गे आपल्या पोलिसांकडे तपासायला येतं. तोवर त्या नावाचं काय झालेलं असेल याची कल्पना करा. गावाचंही तेच होतं. माणूस पाड्याचं नाव सांगतो आणि महसुली नोंदीत गाव वेगळंच असतं. शिवाय बोट गुजरातची, म्हणून कागद आधी तिकडेच फिरत राहू शकतो. नागरिकत्वाची खातरी पटल्याशिवाय सुटका नाही, त्यामुळे या गोंधळात शिक्षा संपलेला माणूसही आत बसून राहतो. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ करून घ्यायला सांगा: आधारवर आहे तसं पूर्ण नाव, बापाचं नाव, महसुली गाव, तालुका, जिल्हा पालघर, राज्य महाराष्ट्र. पोरं हसतात. हसू द्या, पण म्हणवून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी फक्त माझ्यासारख्या फॉर्म भरणाऱ्यांना सुचते. नवऱ्याच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर घरी राहणारा असावा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला नवऱ्याच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला, आणि तो फोन बोटीसोबत जप्त झालेला असला तर बाईने ओटीपी आणायचा कुठून? तसंच बायकोच्या नावाचं वेगळं बँक खातं जायच्या आधीच उघडा. नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यातले पैसे तिला काढता येत नाहीत.

बातमी आल्यावर

बातमी बहुधा शेजारच्या बोटीकडून शेठला आणि शेठकडून गावात येते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका. शेठला फोन लावा, किती वाजता नि कुठे धरलं, सोबत कोण कोण होते हे लिहून घ्या. त्याने तिकडच्या मरीन पोलिसांत आणि मत्स्य विभागात दिलेल्या अर्जाची प्रत मागा. शेठ टाळाटाळ करतो, कारण त्याचं लक्ष बोटीवर असतं. रोज फोन करा.

मग आपल्याकडचे अर्ज. मजकूर एकच ठेवा: स्थानिक पोलीस ठाणे, तहसीलदार, जिल्हाधिकारी, आणि पालघरचे मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. "साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं तर आवक-जावक विभागात द्या. वहीतलं ते पान कागदपत्रांसह प्रत्येक अर्जाला जोडा. पोलीस चौकशीला गावात येतील तेव्हा हाच गठ्ठा त्यांच्या हाती द्यायचा, म्हणजे त्यांचा अहवाल लवकर जातो.

त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. खातं घरच्या माणसाच्या नावाने काढा, क्रमांक लॅमिनेट करून घरात टांगा. खासदारांच्या कार्यालयातून एक पत्र घेतलं तर चांगलंच, पण पत्र हातात आलं म्हणून बाकीचं सोडू नका.

"कराचीहून बोलतोय, पैसे टाका, सोडवतो" असा फोन आला तर ठेवून द्या. स्वतःहून तिकडच्या कुठल्याही नंबरावर फोन करू नका. त्यातून खलाशाचंच नुकसान होऊ शकतं. तिकडे बोलायचं असेल तर जुन्या, उघडपणे काम करणाऱ्या संघटनांमार्फत. १९९४ पासून चालत आलेला पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम आहे. आपल्याकडे नॅशनल फिशवर्कर्स फोरम, तिकडे पाकिस्तान फिशरफोक फोरम आहे. या लोकांनी दोन्ही बाजूंच्या कैद्यांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. पत्रं पाठवायची सोय पूर्वी निदान नावाला तरी होती. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारं टपालही थांबवलं.

घर चालवायचं

गुजरात सरकार पाकिस्तानात अडकलेल्या खलाशाच्या घराला दिवसाला ३०० रुपये देतं. महाराष्ट्रातही अशी मदत आहे. ती मत्स्यव्यवसाय कार्यालयात मागायची. आपोआप येत नाही. रेशन कार्डाच्या ई-केवायसीला अंगठा द्यायला माणूस नाही, हे पुरवठा शाखेला लेखी कळवून ठेवा, नाहीतर नाव कमी होतं. पोरांची शाळा सुटणार नाही याकडे शिक्षकांनी लक्ष द्यायचं. आणि उचलीसाठी शेठचा माणूस दारात आला तर बाईला एकटीला बोलू देऊ नका, चार जण बसा.

१ जानेवारी आणि १ जुलै

या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. भारत-पाकिस्तानमध्ये मे २००८ चा करार आहे. त्यानुसार दर वर्षी या दोन दिवशी दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकाच वेळी देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत उच्चायुक्तालयाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळाली पाहिजे, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याभरात सुटका, असंही त्यात आहे. लढाई, हल्ले, बंद पडलेली सीमा, कशानेही याद्यांची ही देवाणघेवाण थांबलेली नाही. पेपरात फक्त आकडे येतात, नावं येत नाहीत. म्हणून त्याच आठवड्यात 'मदद'वर आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा: यादीत आमच्या माणसाचं नाव आहे का, अधिकाऱ्याची भेट झाली का, नागरिकत्वाचा अहवाल कोणत्या तारखेला गेला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत सोडू नका.

१ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात आपले १९३ मच्छीमार होते. आपल्या ताब्यात त्यांचे किंवा त्यांचे मानले गेलेले ८१.

या ८१ बद्दल गावात बोलायला लाज वाटते, भीतीही वाटते. मला मात्र ठाम वाटतं की बोललंच पाहिजे. ते सिंधच्या किनाऱ्यावरचे, आपल्यासारखेच हातावर पोट असलेले. त्यांच्याही घरी बाई कागद घेऊन हिंडते. आणि भावना बाजूला ठेवली तरी हिशेब सरळ आहे: सुटका होते ती दोन्हीकडचं वातावरण नरमलं की, बऱ्याचदा एकमेकांचं बघून. मे आणि जून २०२३ मध्ये पाकिस्तानने एकदा १९८ आणि मग २०० मच्छीमार सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. आपण नुसतं "आमचे सोडा" ओरडलो तर ती मागणी अर्धीच राहते.

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्याच असतात. आपलं गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) असेल तर पाड्याच्या ग्रामसभेतही घेता येतो. मजकूर असा चालेल:

"ही ग्रामसभा मागणी करते की पाकिस्तानच्या ताब्यातील आमच्या गावच्या खलाशांच्या नागरिकत्वाचा अहवाल तातडीने पाठवावा, शिक्षा पूर्ण झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी मच्छीमारांची दोन्ही सरकारांनी २००८ च्या करारानुसार महिन्याभरात सुटका करावी, दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांसाठीची समिती पुन्हा सुरू करावी."

ही समिती २००७ मध्ये नेमली होती. दोन्हीकडचे चार-चार निवृत्त न्यायाधीश तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत, तब्येत आणि शिक्षा पाहून सुटकेची शिफारस करत. ऑक्टोबर २०१३ नंतर तिचा दौरा झालेला नाही. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीत कैदेत वारला आणि त्याला गावची माती मिळायला दीड महिन्याच्या आसपास लागले. अशी समिती फिरत असती तर निदान आजारी माणसं कोणाच्या तरी नजरेस पडली असती.

ठरावाच्या वेळी कोणीतरी उठून म्हणेलच, "त्यांचं आपल्याला काय?" वाद घालू नका. सुटून आलेल्या एखाद्या खलाशाला बोलायला उभं करा. त्यांच्यातले पुष्कळ जण सांगतात की सुटताना कराचीच्या एधी संस्थेने कपडे दिले, हातखर्चाला पैसे दिले, लाहोरपर्यंत पोहोचवलं. ऐकून सभा बदलतेच असं नाही, पण ठराव पडत नाही.

माणूस परत येतो तेव्हा

सुटलेले वाघा-अटारीवरून येतात. तिथे गुजरातचे मत्स्य अधिकारी घ्यायला असतात आणि पुढे सगळे रेल्वेने गुजरातेत, बहुतेक वेरावळला. आपला माणूस तिथून एकटा घरी येईल असं धरू नका. गावातून दोन जण आधारच्या मूळ प्रतीसह आणायला जा. गाडीभाडं पंचायतीने किंवा मच्छीमार सोसायटीने काढावं.

पहिले काही दिवस हार-तुरे, ढोल, पत्रकार नकोत. ग्रामीण रुग्णालयात नेऊन क्षयाची तपासणी करून घ्या, खोकला असो वा नसो. रात्री झोप लागत नसेल, माणूस बोलत नसेल तर १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आणि मराठीत. फोन त्याच्या हातात द्यायच्या आधी आपण एकदा लावून बघावा. पुरुषांना हे पटवणं सगळ्यात कठीण; माझ्या अनुभवात आईचं ऐकतात.

मग पुढचा ऑगस्ट येतो आणि तो पुन्हा ओख्याला निघतो. रोजगार हमीच्या मजुरीत उचल फिटत नाही, त्यामुळे नको म्हणायचा मला अधिकार नाही. जाणाऱ्याने फक्त शेठला दोन गोष्टी विचाराव्यात. समुद्रात जायचं टोकन रीतसर काढलं आहे का, आणि बोटीवर ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) आहे का? एक लाख बोटींवर तो बसवायची केंद्राची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्या पालघरातच सुरू झाली, आणि हद्द जवळ आली की तो इशारा देतो. शेठ म्हणाला "बंद आहे, नंतर दुरुस्त करू", तर उचल घेऊ नका, दुसरी बोट बघा. सीझनच्या तोंडाला खलाशांची ओढाताण असते, तेव्हा ही अट घालता येते.