संपादक मंडळात वैविध्य कसं आणावं

शोधपत्रिकेच्या संपादक मंडळासाठी नवी नावं शोधण्याआधी सध्याच्या मंडळाचा तक्ता करा. संस्था, शहर, उपविषय, पीएच.डी.चे मार्गदर्शक, मंडळावर आल्याचं वर्ष आणि गेल्या दोन वर्षांत हाताळलेले निबंध, एवढे रकाने पुरे. मार्गदर्शकांचा रकाना गाळू नका. पाच शहरांतले पाच सदस्य एकाच मार्गदर्शकांचे विद्यार्थी असतील, तर त्या पठडीबाहेरचा निबंध पाचही ठिकाणी अडतो.

लिंग, जात, अपंगत्व यांची माहिती वेगळ्या फॉर्मवर, संमतीने घ्या. प्रत्येक प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हा पर्याय हवाच. अंदाज बांधू नका: किरण, शीतल ही नावं स्त्री-पुरुष दोघांचीही असतात आणि गावावरून पडलेली ‘कर’वाली आडनावं अनेक जातींत सापडतात. बारा जणांच्या मंडळात एखाद्या गटाचा आकडा एक-दोन असेल, तर तो छापू नका. माणूस लगेच ओळखू येतो.

आता जागा मोकळ्या करायच्या. इथेच बहुतेक प्रयत्न अडतात, कारण ज्येष्ठांना ‘थांबा’ म्हणायचं कुणी? उत्तर नियमात ठेवा. मुदत तीन वर्षं, फार तर एकदा वाढ, आणि दरवर्षी एक तृतीयांश जागांची मुदत संपावी. बाराच्या मंडळात वर्षाला चारपर्यंत जागा मिळतात आणि कामही खंडत नाही.

जाहीर आवाहनाला सहा आठवडे द्या. ‘प्राध्यापक’ पदाची अट घालू नका. लहान गावातल्या महाविद्यालयांतले कितीतरी चांगले अभ्यासक या एका अटीने बाहेर राहतात. सगळ्यात भरवशाची यादी तुमच्या समीक्षक-नोंदवहीतच (आलेले निबंध तपासून देणाऱ्यांच्या नोंदीत) असते: वेळेवर आणि सकारण अभिप्राय देणारे लोक. पत्रिका मराठी भाषा-साहित्याची असेल, तर पुण्या-मुंबईबरोबर विदर्भ, मराठवाडा, खानदेश, गोवा पाहाच, पण बडोदा, हैदराबादही पाहा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ विषयांतल्या हजाराहून अधिक पत्रिकांची पाच दशकं तपासली होती. त्यात संपादकांत स्त्रिया १४ टक्के आणि मुख्य संपादकांत ८ टक्के निघाल्या. म्हणून नुसती मंडळाची बेरीज पाहू नका, वरच्या खुर्च्या वेगळ्या मोजा.

एका वेळी एकच नवं माणूस घेऊ नका. एकट्या स्त्री सदस्याकडे स्त्री-अभ्यासाचे आणि एकट्या आदिवासी अभ्यासकाकडे आदिवासी साहित्याचेच निबंध जात राहतात. निदान दोघं-तिघं घ्या आणि निबंध उपविषयानुसार वाटा. निमंत्रणपत्रात वर्षाला किती निबंध (सहा ते आठ झेपतात), पहिला निर्णय किती दिवसांत आणि अंतिम शब्द कुणाचा, हे स्पष्ट लिहा. लेखी होकार आल्याशिवाय नाव छापू नका.

सदस्याचा स्वतःचा निबंध आला, तर तो दुसऱ्या संस्थेतल्या संपादकाकडे द्या. लेखक-सदस्याला ती फाइल दिसता कामा नये. डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्समध्ये (मोफत वाचता येणाऱ्या शोधपत्रिकांच्या जागतिक सूचीत) नोंद हवी असेल, तर शेवटच्या दोन अंकांपैकी कुठल्याही अंकात संपादक, मंडळ सदस्य किंवा समीक्षक यांचे शोधनिबंध २५ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. मंडळ एकाच वर्तुळातलं असलं की ही मर्यादा पटकन ओलांडली जाते.

वर्षअखेरीस पहिला तक्ता पुन्हा भरा. ज्या नव्या सदस्याच्या रकान्यात शून्य दिसेल, त्याला जाब विचारण्याआधी मुख्य संपादकांनी त्याच्याकडे किती निबंध पाठवले, ते मोजा.