अतिवृष्टीनंतर शोभेचं झाड मलूल पडलं तर

पाऊस उघडून चार दिवस होतात, माती अजून ओलीच असते, आणि तरी झाडाची पानं दुपारी माना टाकतात. खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. अशा वेळी हात पाण्याच्या नळीकडे नाहीतर खताच्या पिशवीकडे जातो. कृपा करून दोन्ही टाळा. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळी पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभं झाड तहानलेलं दिसतं.

आधी मुळी पाहा. फांद्यांच्या घेराखाली खुरप्याने वीतभर माती अलगद बाजूला करा. पांढरी, टणक मुळी दिसली तर झाडात दम आहे. मुळी तपकिरी असेल, आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निसटून आत नुसता दोरा उरत असेल, तर मूळकूज सुरू झाली. मातीला कुजक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी बरेच दिवस तुंबलं आहे. मग नखाने काडीची साल खरवडा. आत हिरवं असेल तर काडी जिवंत आहे. पानं गळाली म्हणून कुऱ्हाड उचलू नका. मी तर पुढच्या पालवीपर्यंत वाट बघते.

खरं काम निचऱ्याचं. आळं फोडा आणि फांद्यांच्या घेराबाहेरून उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढून पाणी वाहतं करा. चर बुंध्याजवळ नको, मुळं तुटतात. पालापाचोळ्याचं आच्छादन काही दिवस दूर सारा. वाहून आलेला गाळ बुंध्याशी साचला असेल तर हाताने काढा; बुंधा रुंद होऊन मुळांत उतरतो तो भाग उघडा दिसला पाहिजे. चिखलात मात्र वावरू नका, पायाने माती दाबली की उरलीसुरली हवाही जाते. वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की, वरची दोन बोटं माती हलकेच मोकळी करा.

मूळकूज दिसली असेल तर वाफशावरच कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून आळवणी करा, म्हणजे ते मुळांशी मातीत ओता. साचलेल्या पाण्यात औषध ओतणं वाया जातं. ट्रायकोडर्मा ही मूळकुजीला रोखणारी उपयोगी बुरशी द्यायची तर नंतर, 15 दिवसांनी.

छाटणी फक्त मोडक्या आणि वाळक्या फांद्यांची. हिरवं पान काढू नका, नवी मुळी त्याच्याच जेवणावर फुटते. खत नव्या फुटीनंतरच, तेही थोडं.

कललेलं कोवळं झाड माती मऊ आहे तोवर सरळ करा, दोन बाजूंनी काठ्या देऊन रुंद पट्टीने सैल बांधा. तार साल कापते. मोठं झाड कललं असेल आणि बुंध्याजवळची माती उचललेली दिसत असेल, तर त्याच्याखाली कुणालाही जाऊ देऊ नका, जाणकाराला बोलवा.

पुढे ऊन पडलं की उलटीच काळजी. मुळं कमी उरल्यामुळे हे झाड इतरांच्या आधी सुकतं. बोट मातीत खुपसून पाहा, आत कोरडं लागलं तरच पाणी द्या.