जिओथर्मल हीट पंप बसवताय? खर्चाच्या हिशोबात या चुका टाळा

अमेरिकेच्या थंड राज्यांतली आपली मंडळी जिओथर्मलचं, म्हणजे जमिनीतली उष्णता खेचून घर गरम करणाऱ्या पंपाचं, कोटेशन आलं की आधी मशिनची कंपनी बघतात. मोठा पैसा जातो तो अंगणात. उभं बोअर घ्यायचं तर मशिनच्या क्षमतेच्या दर टनामागे साधारण १५० ते २०० फूट खोदाई, म्हणजे चार टनांना ६०० ते ८०० फूट. वर जमिनीत फिरवलेला पाइप, म्हणजे लूप, आणि बोअर बुजवायचं ग्राउट. उखडलेलं लॉन पुन्हा कोण लावणार, हेही लेखी घ्या.

म्हणून नुसतं क्षेत्रफळ विचारून टन ठोकून देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला तिथेच थांबवा. 'मॅन्युअल जे' या ठरलेल्या पद्धतीने काढलेला हीट लोड, म्हणजे थंडीत घराला किती उष्णता लागते तो आकडा, मागा आणि त्याआधी माळ्यावरचं इन्सुलेशन, खिडक्या-दारांच्या फटी उरकून घ्या. लोड एक टनाने उतरला की मशिन लहान होतं, बोअरही तेवढं वाचतं. आधी बोअर आणि मग इन्सुलेशन केलंत, तर जमिनीत गेलेला पैसा परत येत नाही.

दुसरी चूक बचतीच्या आकड्याची. पंप एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देतो असं धरा. मग चांगल्या गॅस फर्नेसमधल्या एका थर्मइतकी (थर्म म्हणजे गॅस बिलावरचं मोजमाप) उष्णता द्यायला त्याला आठेक युनिट वीज लागते. दोन्ही बिलांवरचे दर बघा. आठ युनिट थर्मपेक्षा महाग पडत असतील, तर हिवाळ्यात बचत कसली? प्रोपेन किंवा तेलावरच्या घराचं गणित बहुतेक वेळा बरंच बरं निघतं.

३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट कोटेशनात अजून वजा केलेलं दिसलं, तर सावध व्हा. ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना ते नाही. पैसे २०२५ मध्ये भरले आणि काम २०२६ मध्ये संपलं, तरीही नाही. राज्याची आणि वीज कंपनीची सूट वेगळी, ती जरूर विचारा.

बसवल्यावर जानेवारीचं बिल फुगलं तर लगेच पंपाला दोष देऊ नका. थर्मोस्टॅटवर 'ऑक्स' किती वेळ दिसतं ते बघा. ती साधी विजेची कॉइल, एका युनिटला एकच युनिट उष्णता. रात्री ६२ आणि सकाळी एकदम ७० अंश फॅरनहाइट केलं की बहुधा तीच पेटते. तापमान एकाच आकड्यावर ठेवून पाहा. तरीही ऑक्स तासन्‌तास चालू राहिलं, तर लूपमधून येणाऱ्या पाण्याचं तापमान आणि प्रवाह मोजायला सांगा. लूप लहान पडलाय की नाही, याचा अंदाज तिथेच येतो.