लघवीच्या धारेची तपासणी: या चुका टाळा

बाबांना प्रोस्टेटसाठी युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी सांगितली होती. ‘पाणी पिऊन या’ एवढीच सूचना. त्यांनी घरी तांब्याभर पाणी प्यायलं, तिथे पोचल्यावर आणखी एक बाटली संपवली. नंबर लागायला दीड तास. बाकावर पाय आवळून बसलेले, कपाळावर घाम. आत गेल्यावर मात्र धार सुरूच होईना. झाली ती थेंब थेंब. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

सगळ्यात मोठी चूक हीच. मूत्राशय फार ताणलं की त्याचा स्नायू नीट आकसत नाही. धार असते त्याहून मंद येते, लघवीही मागे जास्त उरते आणि रिपोर्टमध्ये त्रास आहे त्याहून मोठा दिसतो. उलट घाईघाईत थोडीशीच लघवी केली तरी उपयोग नाही. किमान 150 मिली झाली नाही तर आकडा भरवशाचा धरत नाहीत. म्हणून आधी तिथे पोचा, नंबर कधी लागेल ते विचारा आणि त्या हिशेबाने तासभर आधी दोन-तीन ग्लास पाणी सावकाश प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. ‘लागली आहे, पण धरवते आहे’ ही योग्य वेळ. तेव्हा लाजू नका, ‘आता मला सोडा’ असं स्पष्ट सांगा.

यंत्राच्या नरसाळ्यात लघवी करताना कुंथू नका, धार इकडेतिकडे हलवू नका, टिश्यू पेपर आत टाकू नका. आलेखात हे सगळं उमटतं. घरी बसून करत असाल तर इथेही बसूनच करा. आणि नेहमीसारखी झाली नसेल तर तिथल्या माणसाला लगेच सांगा, कारण कागदावरचा आकडा ते बोलत नाही. पुरुषांमध्ये सेकंदाला 15 मिलीच्या वरचा वेग सहसा ठीक मानतात, 10 च्या खाली गेला तर शंका घेतात. पण अडथळा असो की स्नायू थकलेला असो, धार मंदच येते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कारण कळत नाही.

मग उरलेली लघवी सोनोग्राफीने मोजतात. इथे बरेच जण ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणून बाहेर पडतात. प्यालेलं पाणी तोवर मूत्राशयात उतरत असतं. अर्ध्या तासाने मोजलं तर ती ताजी लघवीही ‘उरलेली’ म्हणून मोजली जाते. लघवी झाली की काही मिनिटांतच सोनोग्राफी व्हायला हवी. सोनोग्राफीची खोली तेव्हा रिकामी असेल ना, ते आधीच विचारून ठेवा.

प्रोस्टेटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. सर्दीचं औषध चालू असेल तर आवर्जून सांगा, काही सर्दीच्या गोळ्यांनी लघवी अडते. जळजळ किंवा ताप असेल तर तपासणीआधीच डॉक्टरांना कळवा. आणि लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट दुखत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.