रेडिससाठी सी भाषेत मॉड्यूल लिहिण्यापूर्वीची तयारी : कापूस खरेदीच्या सर्व्हरसाठी एक यादी

कापसाची उलंगवाडी झाल्यापासून दसऱ्यापर्यंत जिनिंगचे आवार मोकळे असते, आणि वजनाच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरमध्ये खोलवरचा बदल करायचा असेल तर तो याच काळात करावा. हिंगणघाट, वणी किंवा अकोट यांच्या परिसरातील एखादे जिनिंग अथवा शेतकरी उत्पादक कंपनी स्वतःचा लहानसा सर्व्हर चालवते आणि काट्यावरच्या नोंदी रेडिस या, माहिती मेमरीत ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवते, असे गृहीत धरून पुढील यादी लिहिली आहे. २०१७ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून रेडिसला सी भाषेत लिहिलेले मॉड्यूल जोडता येते आणि त्यातून सर्व्हरला आपल्या स्वतःच्या कमांड शिकवता येतात. हे मॉड्यूल सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत चालते. त्यामुळे मॉड्यूलमधील एक चुकीचा पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता) पूर्ण सर्व्हर बंद पाडू शकतो, आणि ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली असताना तसे होणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणूनच कोड लिहायला बसण्यापूर्वीची तयारी मला प्रत्यक्ष कोडपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

सर्वप्रथम, सी मॉड्यूलची खरोखर गरज आहे का, याचे लेखी उत्तर तयार ठेवावे. दोन-तीन कमांड एकत्र, मध्ये कोणाचा हस्तक्षेप न होता चालवायच्या असतील, तर २.६ आवृत्तीपासून उपलब्ध असलेली लुआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेतील स्क्रिप्ट किंवा ७.० पासून आलेली फंक्शनची सोय पुरेशी आहे, आणि त्यात चूक झाली तरी सर्व्हर कोसळत नाही. सी कडे वळण्याचे सबळ कारण म्हणजे आधीच सी मध्ये लिहिलेला आणि तपासलेला हिशेब. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचे प्रमाण ८ टक्के धरले जाते आणि त्याहून अधिक, १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला त्या प्रमाणात कपात लागते. हा कपातीचा नियम काट्याजवळच्या संगणकावर सी मध्ये चालत असेल, तर तोच कोड सर्व्हरमध्येही वापरावा, म्हणजे पावतीवरील आकडा आणि कार्यालयातील आकडा यांत तफावत पडण्याचे कारण उरत नाही. शेतकऱ्याच्या हातात गेलेल्या पावतीशी कार्यालयाचा हिशेब जुळला नाही तर विश्वास जातो, त्यामुळे हे कारण मी वेगाच्या कारणापेक्षा मोठे मानतो.

गरज पक्की झाल्यावर सामान जमवावे, आणि ते इंटरनेट नीट चालू असतानाच जमवावे. सर्व्हरवर रेडिसची जी नेमकी आवृत्ती चालू आहे तिचा मूळ कोड उतरवून ठेवावा. त्यातील रेडिसमॉड्यूल नावाची हेडर फाईल एवढीच मॉड्यूलच्या बांधणीसाठी आवश्यक असते, कारण मॉड्यूलला रेडिसशी लिंक करावे लागत नाही. लोड होताना फंक्शनचे पत्ते त्याला सर्व्हरकडून मिळतात. जीसीसी व मेक (बांधणीसाठी), जीडीबी (दोष शोधण्यासाठी) आणि व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका पकडण्यासाठी) ही साधने स्थानिक डिस्कवर असावीत. सर्व्हरचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे आणि त्यावरील जीलिबसीची (सी प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची) आवृत्ती कोणती आहे, हे टिपून ठेवावे. इंटेलच्या लॅपटॉपवर बांधलेली फाईल एआरएमच्या यंत्रावर चालत नाही, आणि नव्या जीलिबसीवर बांधलेली फाईल जुन्या प्रणालीवर लोड व्हायला नकार देऊ शकते. शक्य असेल तर बांधणी सर्व्हरसारख्याच यंत्रावर, कंपायलरला शेअर्ड आणि एफपिक हे दोन पर्याय देऊन करावी आणि डीबगची माहिती काढून टाकू नये. मार्च २०२४ मध्ये परवाना बदलल्यानंतर रेडिसच्या ७.२.४ या आवृत्तीपासून वाल्की हा वेगळा प्रकल्प निघाला आहे, म्हणून सर्व्हरवर या दोहोंपैकी काय चालते तेही आधीच पाहून घ्यावे आणि चाचणी त्यावरच करावी.

यानंतर प्रत्येक कमांडचा करार कागदावर लिहावा. उदाहरणादाखल आपल्या मॉड्यूलचे नाव ‘तोल’ आणि त्यातील मुख्य कमांड ‘तोल.नोंद’ असे धरू. प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत द्यावीत. मॉड्यूलचे नाव आणि टिंब पुढे लावण्याची प्रथा पाळावी, कारण तेच नाव आधीपासून वापरात असेल तर कमांड तयार होत नाही. या कमांडला केंद्राची की (ज्या नावाखाली नोंद ठेवली जाते ते नाव), पावती क्रमांक, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा आणि वजनाची वेळ एवढे द्यायचे आहे, हे ठरवून प्रत्येकाचे एकक लिहावे. वजन किलोग्रॅममध्ये आणि ओलावा टक्क्याच्या दहाव्या भागात, म्हणजे दोन्ही पूर्णांकात घ्यावेत. दशांश अपूर्णांकातील हिशेबात शेवटच्या अंकाची गडबड होते आणि क्विंटलमागे पैशांचा फरक पडतो. रिकामे वजन भरलेल्या वजनाहून जास्त आले, तर कमांडने काहीही न लिहिता स्पष्ट चूक परत करावी. पावती क्रमांकाला या करारात विशेष स्थान आहे. नेटवर्क तुटल्यावर काट्याजवळचा संगणक तीच नोंद पुन्हा पाठवणार, म्हणून तो क्रमांक आधी आला असेल तर वजन दुसऱ्यांदा न मिळवता पहिलेच उत्तर परत द्यावे. कमांड मुख्य थ्रेडवर (सर्व्हरच्या कामाच्या मुख्य धाग्यावर) एकावेळी एकच चालते, त्यामुळे ही तपासणी आणि लेखन यांच्यामध्ये दुसरी नोंद शिरू शकत नाही.

कमांड नोंदवताना तिचे ध्वज (तिचा स्वभाव सांगणाऱ्या खुणा) आणि कीची जागा सांगावी लागते, आणि येथे घाई करू नये. नोंद लिहिणाऱ्या कमांडला ‘लेखन’ आणि ‘मेमरी संपल्यास नकार’ असे दोन्ही ध्वज द्यावेत. केवळ वाचणाऱ्या कमांडला ‘केवळ वाचन’ हा ध्वज द्यावा. कमांडचे नाव शून्याव्या स्थानी धरले जाते, म्हणून आपली पहिली की एक या स्थानी येते आणि पहिली की, शेवटची की व पायरी यांसाठी एक, एक, एक असे लिहावे लागते. ही जागा चुकीची सांगितली तर एकाच यंत्रावर काही बिघडल्याचे दिसत नाही, परंतु वापरकर्त्यांच्या परवानग्या आणि क्लस्टर (अनेक यंत्रांवर विभागलेला सर्व्हर) हे दोन्ही त्याच माहितीवर चालतात.

मजकुराच्या बाबतीत मराठी प्रदेशात दोन तपासण्या हमखास कराव्यात. मजकूर घेताना रेडिस त्याची लांबी बाइटांमध्ये देते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘हिंगणघाट’ हे नाव २४ बाइटांचे होते, आणि २० बाइटांची मर्यादा ठेवून ते कापल्यास एक चिन्ह मधोमध तुटून पुढच्या छपाईत चौकोन उमटतात. दुसरे असे की, मजकुरातून पूर्णांक काढणारे रेडिसचे फंक्शन केवळ इंग्रजी अंक ओळखते. काट्यावरच्या मुलाने मराठी कळफलकावर ‘१२’ असे टंकले तर ते फंक्शन नकार देईल. त्या नकाराचा संदेश त्याला समजेल असा असावा, आणि अंकांचे रूपांतर नोंद पाठवणाऱ्या प्रोग्रामनेच करावे.

मेमरीचा नियम आधीच ठरवावा, म्हणजे कोड लिहिताना प्रत्येक ओळीवर विचार करावा लागत नाही. मॉड्यूलमध्ये मेमरी घ्यायची ती रेडिसने दिलेल्या फंक्शनमधूनच घ्यावी; तशी घेतली तरच ती सर्व्हरच्या हिशेबात येते आणि मेमरीची मर्यादा पाळली जाते. सी भाषेतील नेहमीच्या मॅलॉक फंक्शनने घेतलेली मेमरी रेडिसच्या फंक्शनने सोडली, किंवा याच्या उलट केले, तर सर्व्हर कोसळू शकतो. कमांडच्या आरंभी स्वयंचलित मेमरीची सोय चालू केल्यास तयार केलेले मजकूर, उघडलेल्या की आणि आतून केलेल्या कमांडची उत्तरे कमांड संपताच सोडली जातात. मात्र एखादा मजकूर आपल्या रचनेत पुढेही ठेवायचा असेल, तर तो राखून ठेवण्याचे फंक्शन आवर्जून वापरावे. अन्यथा काही काळाने सोडलेल्या जागेचे वाचन होते आणि दोष भलत्याच कमांडमध्ये दिसतो.

आता ज्या मुद्द्यासाठी ही यादी लिहावीशी वाटली तो मुद्दा. आपल्याकडे गावांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही आणि इन्व्हर्टरची बॅटरी हंगामाच्या मध्यावर दमते. रेडिस नोंदी मेमरीत ठेवते आणि एओएफची (प्रत्येक बदल क्रमाने लिहिणाऱ्या फाईलची) सोय चालू केली असेल तर डिस्कवर त्या फाईलमध्येही लिहिते. परंतु मॉड्यूलच्या कमांडने केलेला बदल त्या फाईलमध्ये आपोआप जात नाही. कमांडने स्वतः प्रतिकृतीचे फंक्शन बोलावून ‘हा बदल पुढे कळवा’ असे सांगावे लागते, किंवा आतून दुसरी कमांड बोलावताना तिच्या नमुन्यात उद्गारचिन्ह द्यावे लागते. हे विसरले तर दिवसभर सारे काही बरोबर दिसते. बेरीज जुळते, पावत्या निघतात. संध्याकाळी वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तेव्हा कळते की मॉड्यूलमधून झालेल्या नोंदी फाईलमध्ये कधी उतरल्याच नव्हत्या, आणि दुसऱ्या खोलीतील रेप्लिकेवरही (त्याच नोंदींची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरही) त्या नाहीत. म्हणून करारातील प्रत्येक लिहिणाऱ्या कमांडसमोर, ती काय कळवणार, हे आधीच लिहावे. कमांड जशीच्या तशी कळवायची असेल तर तिचा परिणाम केवळ दिलेल्या माहितीवरून ठरला पाहिजे. कमांडच्या आत घड्याळ पाहिले, तर फाईल पुन्हा वाचताना वेगळीच वेळ नोंदली जाईल. वजनाची वेळ बाहेरून देण्याची अट वर घातली आहे ती यासाठीच. याच्या जोडीला एओएफ किती वेळाने डिस्कवर पक्की करायची, हेही मालकाशी बोलून ठरवावे. दर सेकंदाचा पर्याय ठेवला तर वीज गेल्यास साधारण एका सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. ‘नेहमी’ हा पर्याय संथ आहे, पण काट्यावर मिनिटाला मोजक्याच गाड्या होतात, त्यामुळे येथे तोच योग्य ठरतो.

स्वतःचा डेटा प्रकार निर्माण करण्याचा मोह पहिल्या हंगामात टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रेडिस त्याची पूर्ण मुभा देते. नऊ अक्षरांचे नाव, ० ते १०२३ मधील आवृत्ती क्रमांक, आणि डिस्कवर लिहिणे, वाचणे व सोडणे यांसाठीची फंक्शन दिली की प्रकार तयार होतो. परंतु एकदा त्या प्रकारातील माहिती आरडीबी फाईलमध्ये (मेमरीतील माहितीच्या डिस्कवरील प्रतीत) गेली की मॉड्यूलशिवाय सर्व्हर ती फाईल वाचू शकत नाही आणि सुरूच होत नाही. शिवाय असा प्रकार असलेले मॉड्यूल चालू सर्व्हरमधून काढताही येत नाही. रेडिसच्या स्वतःच्या साध्या हॅश प्रकारात ठेवलेल्या नोंदी मात्र मॉड्यूल काढून टाकले तरी कोणालाही वाचता येतात. पुढे प्रकार करावाच लागला, तर आवृत्ती क्रमांक पाहून जुनी मांडणी वाचणारे फंक्शन पहिल्या दिवसापासून लिहावे.

महिन्याचा गोषवारा काढण्यासारखी लांब चालणारी कमांड मुख्य थ्रेडवर ठेवू नये, कारण ती संपेपर्यंत काटा थांबतो. तो गोषवारा रेप्लिकेवरून काढावा.

चाचणीसाठी वेगळे यंत्र आणि वेगळा पोर्ट ठेवावा. व्हॅलग्राइंडखाली तपासायचे असेल तर रेडिसही त्यासाठी वेगळे बांधावे, कारण लिनक्सवर ते नेहमी जेमॅलॉक ही मेमरी वाटणारी लायब्ररी वापरते आणि त्यामुळे चुका लपतात. कमी माहिती, जास्त माहिती, चुकीच्या प्रकारची की, ऋण वजन, रिकामे नाव आणि तीच पावती दोनदा, असे प्रत्येक प्रकरण आधी लिहून मग चालवावे. अनेक घटकांचे उत्तर देणारी कमांड असेल, तर जाहीर केलेल्या संख्येइतकेच घटक पाठवले जातात याची खात्री करावी. एक कमी पडला तरी समोरचा प्रोग्राम वाट पाहत बसतो. वीज जाण्याची चाचणी प्रोसेस मारून पूर्ण होत नाही, कारण तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतील लेखन शाबूत राहते आणि नंतर डिस्कवर जाते. चाचणीच्या यंत्राची तारच काढावी, पुन्हा सुरू करावे आणि पावत्या एकेक करून जुळवाव्यात.

प्रत्यक्ष जोडणी कॉन्फिगरेशन फाईलमधील लोडमॉड्यूल या ओळीने करावी. ७.० पासून चालू सर्व्हरमध्ये मॉड्यूल भरण्याची कमांड मुळातच बंद असते, आणि ती तशीच बंद राहू द्यावी. फाईलला चालवण्याची परवानगी द्यावी. सुरुवातीला मॉड्यूल लोड झाले नाही तर रेडिस स्वतःच थांबते, हे लक्षात घेऊन जुनी फाईल, जुनी कॉन्फिगरेशन आणि त्या दिवशीच्या आरडीबीची प्रत एका ठिकाणी ठेवावी, आणि परत जाण्याच्या कृतीचा कागद सर्व्हरजवळ लावावा. रेप्लिका असेल तर नवे मॉड्यूल आधी तिच्यावर चढवावे, नाही तर तिला न समजणारी कमांड तिच्याकडे जाईल.

काट्यावर छापील पावतीपुस्तक ठेवावे आणि त्याची क्रमांकमालिका संगणकाच्या मालिकेहून वेगळी असावी. सर्व्हर बंद असताना हाताने फाडलेल्या पावत्या नंतर ‘तोल.नोंद’मधूनच, त्यांच्या मूळ वेळेसह भराव्यात, आणि हे काम कोण करणार त्याचे नाव हंगाम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे.