उपनगरातल्या ओढ्याचा भूगोल आणि इतिहास कसा शोधावा

उपनगरातल्या ओढ्याचा अभ्यास करायचा असेल, तर पहिल्याच दिवशी काठावर जाऊ नये. तो दिवस नकाशाला द्यावा. वस्ती वाढण्यापूर्वी काढलेला स्थलदर्शक नकाशा मिळाल्यास उत्तम, कारण त्यावर ओढा स्वतःच्या वळणांनी वाहताना दिसतो आणि त्याला मिळणारे, पुढे बुजवले गेलेले लहान ओहोळही रेखाटलेले असतात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यामुळे अगदी लहान ओहोळ त्यावर सापडले नाहीत, तर त्याहून मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे अधिक तपशील दाखवणारा नकाशा शोधावा लागतो.

नकाशावर प्रथम पाणलोट क्षेत्राची सीमा आखावी. ओढा जिथे मोठ्या प्रवाहाला मिळतो तिथून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून पेन्सिल वर न्यावी आणि उगमाच्या मागच्या सर्वांत उंच भागात दोन्ही रेषा जोडाव्यात. ही सीमा समोच्च रेषांना (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) काटकोनात छेदते आणि संगमाची जागा सोडली, तर एकाही प्रवाहाला ओलांडत नाही; तिने एखादा ओहोळ ओलांडलेला दिसला, तर आखणी चुकली असे समजावे. ओढ्याची दरी ओळखणेही सोपे आहे, कारण समोच्च रेषा दरी ओलांडताना टोकदार वळण घेतात आणि ते टोक नेहमी उगमाकडे असते. त्यानंतर प्रवाहांची श्रेणी लावावी. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडलेली आणि आर्थर स्ट्रालर यांनी पुढे सुधारलेली ही पद्धत सरळ आहे: ज्याला दुसरा कोणताही प्रवाह मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा, पहिल्या श्रेणीचे दोन प्रवाह एकत्र आले की दुसऱ्या श्रेणीचा, आणि असेच पुढे. उपनगर वाढताना सर्वांत आधी पहिल्या श्रेणीचे ओहोळ नाहीसे होतात, कारण वर्षातला बराच काळ ते कोरडे असतात आणि कोरड्या ओहोळावर माती टाकताना कोणी थांबत नाही. तुमच्या अभ्यासाचा खरा गाभा या हरवलेल्या ओहोळांत आहे, असे मी मानतो.

आता जुन्या नकाशावर आजचे उपग्रह छायाचित्र ठेवून पाहावे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची छायाचित्रे १९७२ पासूनची आहेत, मात्र त्यांतली जुनी चित्रे इतकी ठोकळ आहेत की त्यांत ओढा नव्हे, वस्तीचा विस्तारच दिसेल. सखल भागात ओढा लांबवर पट्टीने आखल्यासारखा सरळ वाहत असेल किंवा काटकोनात वळत असेल, तर तिथे बहुधा माणसाचा हात लागला आहे. असा प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाने दाखवावा आणि तो कोणत्या दोन नकाशांच्या दरम्यान सरळ झाला ते शेजारी लिहावे. एवढ्यानेही इतिहासाचा अर्धा आराखडा हाती येतो.

जमिनीखाली गेलेला भाग शोधण्यासाठी रस्ते वाचावे लागतात. चौकोनी आखणीच्या वस्तीत एकच गल्ली नागमोडी का आहे, दोन्ही बाजूंचे रस्ते एका ठिकाणी उतरून पुन्हा का चढतात, प्रशासकीय हद्द इमारतींच्या मधूनच वाकडी का जाते, हे प्रश्न विचारावेत. हद्दी पूर्वी अनेकदा प्रवाहांवरूनच ठरत. लंडनची फ्लीट नदी आज संपूर्ण जमिनीखाली आहे, पण तिची दरी रस्त्यांच्या उतारात दिसते आणि तिचे नाव फ्लीट स्ट्रीटने जपले आहे. कोरड्या ऋतूत, पहाटेच्या शांततेत, चेंबरच्या जाळीशी उभे राहिल्यास खालून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. पण तेवढ्याने तो ओढाच आहे असे ठरवू नये, ती सांडपाण्याची वाहिनीही असू शकते. बंदिस्त मोरीत मात्र कधीही उतरू नये: आत विषारी वायू साचलेला असतो आणि वर कुठेतरी पाऊस झाला की पाणी सूचना न देता चढते.

प्रत्यक्ष पाहणी संगमाकडून उगमाकडे करावी, म्हणजे एकही फाटा नजरेतून सुटत नाही. पुलापाशी पुरेसा वेळ थांबावे. कमानीच्या आतली बाजू काठावरून न्याहाळली, तर पुष्कळदा मधला भाग घडीव दगडांचा आणि दोन्ही कडांचा भाग काँक्रीटचा दिसतो. रस्ता रुंद करताना जुना पूल न पाडता त्याला बाजूंनी जोड दिल्याची ती खूण असते आणि त्या सांध्यांतले अंतर म्हणजे जुन्या रस्त्याची रुंदी. झुडपांच्या फांद्यांत अडकलेले गवत आणि प्लास्टिक कोणत्या उंचीवर आहे तेही मोजावे, कारण अलीकडच्या पुराचे पाणी किमान तिथपर्यंत चढले होते.

प्रवाह मोजायला उपकरण लागत नाही. सरळ पात्राचे १० मीटर अंतर आखून संत्र्यासारखी अर्धवट बुडणारी वस्तू सोडावी. तिला २० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर होतो. तळाशी पाणी घर्षणाने मंदावते, म्हणून या वेगाला ०.८५ ने गुणावे. पात्र ३ मीटर रुंद आणि सरासरी ०.४ मीटर खोल असेल, तर सेकंदाला सुमारे ५१० लिटर पाणी वाहते आहे.

कोरड्या दिवसांतही पाणी वाहत असेल, तर ते कुठून येते याचा शोध घ्यावाच. दक्षिण कोरियातल्या सोलमधील चॉन्गेचॉन हा ओढा काँक्रीटखाली गाडला गेला होता. वरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडून २००५ मध्ये तो पुन्हा खुला केला गेला, पण त्यातले बरेचसे पाणी आज हान नदीतून पंपाने आणून सोडले जाते. उपनगरात बारमाही वाहणारे पाणी अनेकदा झऱ्याचे नसून सांडपाण्याचे असते.

कागदोपत्री इतिहासासाठी जमिनीच्या मोजणीचे नकाशे, पुलांच्या बांधकामाच्या नोंदी आणि जुनी छायाचित्रे पाहावीत. वृद्ध रहिवाशांशी बोलताना “पूर्वी ओढा कसा होता?” असे विचारल्यास “स्वच्छ होता” एवढेच उत्तर मिळते, त्याऐवजी त्यांना काठावर नेऊन पोहायला कुठे उतरत, पलीकडे जायला कुठे दगड टाकले होते, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, असे विचारावे. प्रत्येक उत्तरासोबत जागा, अंदाजे वर्ष आणि सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय लिहावे, आणि दोन स्वतंत्र सांगण्यांचा मेळ बसल्याशिवाय ती गोष्ट नकाशावर पक्क्या शाईने काढू नये.

शेवटी एखाद्या मोरीच्या भिंतीवर सहज ओळखू येणारा दगड निवडून त्याची तळापासूनची उंची नोंदवून ठेवावी, आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणी ओसरले की ओलीची रेषा त्या दगडाच्या किती वर किंवा खाली आहे ते तारखेसह त्याच वहीत लिहीत जावे.