थंडीत सकाळी गाडी ओढत नाही? आधी हे तपासा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा १० अंशांखाली गेला की तक्रारी सुरू होतात. आधी ठरवा: स्टार्टरच हळू फिरतो, की सुरू झाल्यावर ओढ कमी पडते?

स्टार्टर हळू असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करून मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली. (तिला खातो आपला उन्हाळा, थंडी फक्त उघडं पाडते.)

स्टार्टर नीट फिरत असेल तर डिझेल गाडीत ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आतली हवा तापवणारा छोटा हीटर) मोजा. मीटर सर्किट तुटल्याचं दाखवत असेल तर प्लग जळालाय. पेट्रोल गाडीत स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) थंड इंजिनचं कूलंट तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. ४० दिसलं तर सेन्सर खोटं बोलतोय. कॉम्प्युटरला इंजिन गरम वाटतं, म्हणून पेट्रोल कमी पडतं, गाडी झटके खाते. बराच वेळ चालवूनही तापमानाचा काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय.